उजवीकडे वीस अंश

सोमवारी वारज्याच्या पुलाखाली
निशिगंधाचा टेम्पो मागून माझ्या डिकीत शिरला,
तेव्हा तिघाचौघांनी विचारलं, लागलं का?
मी सगळ्यांना सांगितलं, नाही हो.
इतकं चटकन, इतक्या सवयीनं,
जसं कुणी चहा घेणार का विचारल्यावर
आपण आधी नाहीच म्हणतो.

टेम्पोवाला पोरगाच होता. मिसरूड जेमतेम.
छातीवर हात धरून उभा.
मला वाटलं, घाबरलाय.
त्यालाही कुणीतरी विचारलं. तोही म्हणाला, नाही.
मग आम्ही दोघांनी मिळून माझा बंपर बघितला.
फुलांच्या पावतीमागे त्यानं नंबर लिहून दिला:
अंकुश झेंडे. हप्त्यानं देतो, ताई.

मंगळवार गाडीचा.
इन्शुरन्सवाल्यानं अठरा फोटो मागितले,
डावीकडून, उजवीकडून, नंबरप्लेट स्पष्ट दिसेल असे.
गॅरेजवाल्यानं आडवं होऊन, बॅटरी मारून पाहिलं.
आतून सरकलंय, म्हणाला, बाहेरून कळत नाही.
मी म्हटलं, बरं झालं बघितलंत.

बुधवारी रात्री डोकं उशीवरून उचलेना.
गुरुवारी नववी ब ला कोन शिकवताना
फळ्याकडून वर्गाकडे वळले, तर
मानेपासून करंगळीपर्यंत कुणी तार ओढली.
खडू पडला. पोरं हसली,
मग हसायची थांबली.

कर्वे रोडवरचं हॉस्पिटल. खिडकीतल्या बाई:
अपघात कधी?
सोमवारी.
आज गुरुवार.
हो.
तीन दिवस काय केलंत?
आठवून पाहिलं. चाचणीचे पेपर तपासले. गवार निवडली.
नणंदेला फोनवर सांगितलं की खरचटलंसुद्धा नाही.
बाईंनी केसपेपरवर लाल शिक्का उमटवला, एमएलसी,
आणि म्हणाल्या, चौकीतून हवालदार येईल, थांबावं लागेल.
माझ्या मानेसाठी हवालदार!
तेव्हा कुठे वाटलं, काहीतरी झालंय खरं.

एक्स-रेच्या खोलीत सय्यद नावाचा मुलगा.
कानातलं काढा, गळ्यातलं काढा.
आता खांदे सोडा.
सोडलेत की.
नाही मॅडम,
तुम्ही अजून स्टिअरिंग धरलंय.

डॉक्टरीणबाईंनी हनुवटी धरून वळवली.
डावीकडे पंचेचाळीस. उजवीकडे वीस,
आणि तिथे मी ओरडले.
सत्तावीस वर्षं कोनमापक घेऊन उभी आहे मी वर्गात.
वीस अंशांत रस्ता ओलांडता येत नाही,
हे कुठल्याही इयत्तेला शिकवलेलं नाही.
हाड शाबूत आहे, त्या म्हणाल्या, मार आतल्या मांसाला.
पट्टा तीन आठवडे.
आणि छाती? स्टिअरिंग लागलं होतं का छातीला?
मी म्हटलं, मला नाही.

मला नाही.

पावती पर्समध्येच होती, अजून वास येत होता तिला.
ताई, पैसे शनिवारी...
पैशांचं राहू दे. छाती कशी आहे?
पलीकडे मार्केट यार्डचा गलका,
कुणीतरी भाव ओरडतंय, कुणीतरी वाट मागतंय.
खोकलं की कळ येते, म्हणाला. बाकी काय नाय.
ते ‘काय नाय’ मी ओळखलं.
मग मी नववी ब चा आवाज काढला.

हवालदार यायच्या आधी तो आला.
खिशातल्या नोटा चाचपत बाकावर टेकला,
नेमका माझ्या उजवीकडे.
मान वळेना.
उठले, पट्ट्यासकट, पर्ससकट
अख्खीच्या अख्खी त्याच्याकडे वळले.
आता नीट सांग. लागलं का?

तो फरशीकडे बघत राहिला.
त्याच्या कॉलरला निशिगंधाची एक वाळकी कळी चिकटलेली होती.

खिडकीतून हाक आली, पुढचा पेशंट.
अपघात कधी?

सोमवारी, आम्ही दोघं एकदम म्हणालो.